मेस्त्रीपासून लपवू नका

1. घरी पाना उचलणाऱ्याचा मेस्त्रीला राग येतो, असा समज आहे. तो खरा नाही. बार्शीला 1897 मध्ये नॅरोगेज आगगाडी आली, नंतर कापडगिरण्या आल्या, पुढे विहिरींवर किर्लोस्करांची डिझेल इंजिनं बसली. इथल्या माणसाचा हात यंत्राला सरावलेला आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. डिझेल संपून लाइनीत हवा धरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा, हे मी गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून शिकवतो. ऑइल बदलणं, प्लगचा कार्बन काढणं हेही ज्याचं त्याला यावं.

2. वाटेतला उपाय घर गाठण्यापुरताच. पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती असेल तर धुण्याचा साबण दाबून बसवतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो टिकतो. रेडिएटरात हळद टाकली की ती फुगून भोकात अडकते. पांगरीच्या पुढे येरमाळ्याकडच्या चढाला गाडी तापली, तर असं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण तीच हळद महिनाभर आत राहिली की गाळ होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते, आणि मग सपाट रस्त्यालाही इंजिन तापतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी मात्र कधीच ओतू नका, हेडला तडा जातो. झाकणही लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, ते उसळून तोंडावर येतं.

3. सगळ्यात जास्त इंजिनं मळणीच्या दिवसांत मरतात. सोयाबीन, तूर, ज्वारी, सगळ्याचा भुसा हवेत. एअर फिल्टर तुंबतो, इंजिन काळा धूर टाकतं, ओढत नाही. मग कुणीतरी सांगतं, "फिल्टर काढून टाक, बघ कसं पळतंय." पळतं, खरंच पळतं. पण तीच धूळ थेट सिलेंडरात जाते, लायनर आणि रिंगा घासून काढते, आणि काही दिवसांत इंजिन ऑइल प्यायला लागतं. काहीजण उलट करतात, फिल्टरच्या वाटीत खुणेच्या वर ऑइल भरतात. ते जादा ऑइल इंजिन आत ओढतं आणि त्याच्यावरच पळत सुटतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. अशा वेळी हवा घेण्याचं तोंड जाड फळीनं बंद करावं लागतं, हातानं कधीच नाही. वाटीतला गाळ रोज काढून खुणेपर्यंत ताजं ऑइल भरणं, एवढ्यानंच हे सगळं टळतं.

4. सिलिकॉनचा मलम म्हणजे गॅसकेट नव्हे. जास्त लावला की बोल्ट आवळताना निम्मा आत येतो, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि क्रँकचं बेअरिंग कोरडं पडतं. हेडचे बोल्टही मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. एका कडेनं आवळत गेलं की हेड तिरपं बसतं आणि नवं गॅसकेटही उडतं.

5. नोझल कसं फवारतं ते बोट लावून पाहू नका. तो फवारा कातडीत घुसतो. वरून टाचणीएवढी खूण दिसते, आतून बोट सडतं. सरळ दवाखाना गाठा.

6. घमेल्यात भरून आणलेलं इंजिन पाहिलं की मेस्त्रीचा जीव खाली-वर होतो. पुशरॉड, टॅपेट, बेअरिंगचं टोपण, प्रत्येक भाग आपापल्या जागी झिजलेला असतो. त्यांची अदलाबदल झाली की नवे भाग घालूनही आवाज जात नाही. उघडायचंच असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढा आणि भाग ओळीनं ठेवा.

आणि काय केलंत ते सांगा. पुष्कळ जण लाजतात, "आम्ही हात लावला नाही" म्हणतात. "हळद टाकली होती" एवढं कानावर आलं तर मी आधी रेडिएटर धुतो. नाही सांगितलं तर हेड उतरवून बसतो, आणि ती मजुरी गिऱ्हाइकालाच भरावी लागते.