अक्षरांची मोजणी आणि आजीची वही

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्रावर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना धाडसाचे वाटेल. पण मी या विषयाकडे वळलो तो प्रयोगशाळेतून नव्हे, तर आमच्या कोथरूडच्या घरातील एका वहीमुळे.

ही वही आजीच्या आईच्या आठवणींची. मूळ वही १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतील घरातल्या चीजवस्तूंबरोबर गेली. आजीने शाळकरी वयात उतरवून घेतलेली प्रत तेवढी वाचली. तिच्यातील मधली वीसेक पाने मला वेगळी वाटत. ती आजीने पदरची घातली असावीत, अशी मला शंका होती. शेजारी राहणारा एक दादा सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. त्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे यासाठी अक्षरे मोजतात."

त्याने सांगितले ते असे. पेशीतील डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. याचे धागे दोन. एकावर ॲडेनीन असेल तेथे दुसऱ्यावर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. म्हणून अ आणि थ यांची संख्या सारखी भरते, तशीच ग आणि स यांची. अर्विन चारगॅफ यांनी ही समानता १९५० च्या सुमारास दाखवली. तेव्हा ग आणि स मिळून शेकडा किती, एवढा एकच आकडा सांगितला की काम भागते. हा आकडा मलेरियाच्या फाल्सिपेरम परजीवीत सुमारे १९, माणसात ४१ आणि क्षयाच्या जंतूत ६५ हून अधिक आहे.

पण ही झाली सरासरी. कोथरूडची सरासरी लोकवस्ती काढली, तर तिच्यात गावठाणातील दाटीही लपते आणि टेकडीवरचे मोकळे रानही. म्हणून डीएनएचे हजार हजार अक्षरांचे तुकडे घेऊन प्रत्येकाचा आकडा वेगळा काढतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूत असे काही भाग बाकीच्यांशी जुळत नाहीत. एक जंतू दुसऱ्याची जनुके उचलतो आणि त्या जनुकांना मूळ घराची अक्षरांची सवय असते. अशा खुणांवरून लॉरेन्स आणि ऑकमन यांनी १९९८ मध्ये ई. कोलायच्या ४,२८८ जनुकांपैकी ७५५ बाहेरून आलेली ठरवली.

हे ऐकून मला चेवच चढला. वहीच्या प्रत्येक पानात शंभर अक्षरांमागे 'त' किती, ते मी मोजले. मधल्या पानांत ते फारच कमी निघाले. मी आजीला निकाल सांगितला. "ती माझ्या आईची पाने आहेत," एवढेच ती म्हणाली आणि वही कपाटात गेली. पुढे पंधरा दिवस तिने तो विषय काढला नाही.

दरम्यान दादाने गोष्टीचा दुसरा भाग सांगितला. १९७० नंतरच्या दशकात जॉर्जिओ बर्नार्दी आणि त्यांचे सहकारी वासराचा डीएनए वेगाने फिरवून घनतेनुसार वेगळा करीत होते. त्यांना लाखो अक्षरे लांबीचे, वेगवेगळ्या ग-स प्रमाणाचे पट्टे आढळले. माणसातही तसेच आहे. ग-स अधिक तेथे जनुकांची दाटी, कमी तेथे विरळ वस्ती. हे पट्टे काटेकोर एकजिनसी आहेत का, यावर पुढे वाद झाला, पण मोठा चढउतार सर्वांना मान्य आहे. येथे मात्र कोणी परका आलेला नाही. आईकडचे आणि वडिलांकडचे धागे आपसांत तुकडे बदलतात, तेव्हा न जुळणारी जोडी दुरुस्त होताना ग-सला किंचित झुकते माप मिळते. जेथे अदलाबदल जास्त, तेथे पिढ्यान्‌पिढ्या हे प्रमाण वाढत जाते. बर्नार्दी स्वतः उष्ण रक्ताच्या प्राण्यांत डीएनए टिकाऊ राहण्याशी याचा संबंध जोडीत. मला दुरुस्तीचे कारण अधिक पटते. उलट, बाहेरून आलेले जनुकही फार काळ राहिले, तर हळूहळू यजमानाचे प्रमाण उचलते, म्हणजे मोजणीत ते सापडतच नाही!

मग मी ती पाने पुन्हा वाचली. त्यांत खानावळीचे हिशेब आणि मसाल्यांच्या याद्या होत्या. 'होते', 'येत', 'असत' ही क्रियापदे यादीत कशाला येतील?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आमच्या घरापासून लांब नाही. तेथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली आणि तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही लोकप्रिय कथा सुकथनकरांनी आदिपर्वाच्या परिशिष्टात टाकली, ती भाषा खटकली एवढ्यावर नव्हे, तर हस्तलिखितांच्या साक्षीवरून. जनुकाच्या बाबतीतही भाऊबंद जातींत ते आहे की नाही, हे पाहिल्यावाचून निकाल पक्का होत नाही. मी दुसरी प्रत शोधलीच नव्हती.

ती साताऱ्यात मामेआजोबांकडे निघाली, आजीच्या प्रतीपेक्षा जुनी, त्यांच्या मोठ्या बहिणीने केलेली. हिशेबाची वीसही पाने तिच्यात आहेत. मी ती आजीसमोर ठेवली, तेव्हा तिने चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतली. आजीच्या प्रतीत नसलेले दीड पान त्या प्रतीत आहे. ते कुणाचे, यावर सध्या आमच्या घरी रोज रात्री वाद चालतो आणि आजी त्यात सर्वांत पुढे असते.