पुरुषोत्तम दारव्हेकर : लेखक, दिग्दर्शक आणि नाट्यसंघटक

प्रास्ताविक

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला आहे. व्यावसायिक मराठी रंगभूमीची केंद्रे मात्र मुंबई-पुण्याकडे. म्हणून विदर्भातील रंगकर्मींपुढे प्रश्न उभा राहतो : नाटक घडवायचे ते कोठे आणि कशाच्या बळावर? नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–१९९९) यांची कारकीर्द या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

जडणघडण

दारव्हेकर मूळचे शिक्षक. रंगभूमीवरही ते ‘मास्तर’ म्हणूनच ओळखले गेले. नागपुरात त्यांनी ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था उभारली. हौशी संस्थेत तयार नट मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. त्यामुळे दिग्दर्शन हे त्यांच्या दृष्टीने शिकवण्याचेच काम होते. बालनाट्ये, आल्बेर कामूच्या ‘कॅलिगुला’वर आधारित ‘चंद्र नभीचा ढळला’ आणि ‘वऱ्हाडी माणसं’ ही नावे पाहिली, तरी त्यांच्या लेखनाचा आवाका ध्यानात येतो.

‘कट्यार काळजात घुसली’

प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आणले. लेखन व दिग्दर्शन दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. जुन्या संगीत नाटकांत पदांसाठी कथानक अनेकदा थांबे. येथे दोन घराण्यांचा झगडा हेच कथानक असल्याने गाणे थांबले, तर नाटकच थांबेल. एकच पद दोन निराळ्या चालींत येते, तेव्हा दोन गायकांचे स्वभावही श्रोत्यांना कळतात. खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी वसंतराव देशपांडे लाभले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरला जन्मलेल्या आणि नागपुरात गाणे शिकलेल्या या गायकाचा आक्रमक गळा हाच त्या भूमिकेचा अभिनय ठरला.

समारोप

दारव्हेकरांना कीर्ती मुंबईच्या निर्मितीने मिळवून दिली. तिच्यामागची तालीम मात्र नागपूरच्या हौशी रंगभूमीवर झाली होती. केंद्रापासूनचे अंतर ही केवळ उणीव नसते. तेथे दिग्दर्शकाला लेखक, शिक्षक आणि संघटक व्हावे लागते, आणि त्यातूनच त्याची दृष्टी घडते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये संगीत हे संघर्षाचे साधन कसे बनते, ते स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एखाद्या हौशी नाट्यसंस्थेच्या कार्याची माहिती मिळवून टिपण लिहा.