पाकीट उलटं करून बघा

संध्याकाळी कामावरून सुटून राजारामपुरीतल्या एखाद्या सुपरमार्केटात शिरणाऱ्या आई-बाबांनो, आज तुमच्याशीच बोलायचंय. घरी पोरं भुकेलेली, उद्याच्या डब्याचा घोर वेगळाच, आणि समोर फ्रीझरमध्ये नगेट्स, पराठे, मोमो मांडलेले. हात तिकडं जातोच. त्याचं मनाला लावून घेऊ नका. गोठवलेलं सगळंच वाईट नसतं.

मटारच घ्या. थंडीत कपिलतीर्थ मंडईत ताजा मिळतो, तेव्हा तोच घ्यावा. पण मे महिन्यात गोठवलेला आणला तर काही बिघडत नाही. गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढून तो झटपट गोठवतात आणि उणे १८ अंशांवर ठेवतात, म्हणून कस बराचसा टिकतो. फक्त पाकीट दाबून बघा. दाणे सुटे लागले तर ठीक. सगळा गोळा झाला असेल, तर बहुधा मधे वितळून पुन्हा गोठलाय. तो ठेवून द्या.

खरी पारख तयार पदार्थांत लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी, असा नियम आहे. पुढं गाजर-मटाराचं चित्र आणि मागं पहिली नावं बटाटा, मैदा, पाम तेल अशी असतील, तर तुम्ही भाजीचे पैसे देऊन मैदा घेताय. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ लिहिलं असेल तर तोही मैदाच, गव्हाच्या नावाला भुलू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी मिठाची वाटते. पाकिटावर ते सोडियम म्हणून मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. पोरानं २०० ग्रॅम खाल्लं की तीन ग्रॅम पोटात गेलं. मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांना तर त्याहून कमी हवं. आणि आपल्याकडं चटणी, लोणचं, फरसाण ताटात असतंच की! दोन पाकिटं ताडून बघताना १०० ग्रॅमचेच आकडे धरा. ‘एका सर्व्हिंग’चे धरू नका, कारण सर्व्हिंग केवढं ते कंपनीच ठरवते.

नगेट्स, फ्राइज बहुधा कारखान्यातच एकदा तळलेले असतात. घरी पुन्हा कढईत सोडण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात परता. सोबत काकडी, दही, नाहीतर मोडाच्या मटकीची उसळ द्या. मटकी रविवारीच जास्त भिजवून मोड आणा, वाफवून आपल्याच फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत ठेवा. आयत्या वेळी फोडणी दिली की झालं.

आणि पुढच्या वेळी पोरांनाही दुकानात न्या. सहावी-सातवीतलं मूल अडीचनं सहज गुणतं. पाकीट त्याच्याच हातात द्या आणि मीठ किती ते त्यालाच काढू द्या.