पलीकडच्या टोकाचा पॉइंट

बल्लारपूर

चि. भाचेबुवांस,

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. नागभीडचं यार्ड, तेही नोव्हेंबर २०१९ च्या आधीचं, म्हणजे नागपूरकडची छोटी गाडी अजून सुटते आहे असं, हे तू वडशाच्या घरात बसून मॉडेलमध्ये करायला घेतलंस याचं मला फार अप्रूप वाटलं. हिशेबही बरा जमतो. अडीच फुटी लाइन म्हणजे ७६२ मिलिमीटर. तुझ्या १:८७ च्या मापासाठी तिला ८७ ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. मोठ्या लाइनीला मात्र तुझे साडेसोळाचे रूळ थोडे अरुंदच. खरं तर तिथे १९ च्या वर हवेत. पण ते कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. रूळ बदलणारा पॉइंट अर्ध्यावर अडकला तर मात्र सगळ्यांच्या भरतं.

तर मुद्द्याचं. तू लिहितोस की जवळचे पॉइंट टकाटक बसतात, पलीकडच्या टोकाचा क्रॉसओव्हर अर्ध्यावर राहतो आणि एका मोटरची कॉइल जळाली, तेव्हा मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊ का? घेऊ नकोस. ही दोन वेगळी दुखणी आहेत. मोठ्या ट्रान्सफॉर्मरने पहिलं बरं होणार नाही आणि दुसरं वाढेल.

पहिलं दुखणं वायरचं आहे. तू टेलिफोनची अर्ध्या मिलिमीटरची तार वापरलीस. ती दिसायला सुबक, पण तिचा रोध मीटरमागे जवळजवळ ०.०९ ओहम. जाऊन-येऊन आठ मीटर धरले तर ०.७ ओहम झाला. तुझ्या दोन कॉइलवाल्या मोटरची कॉइल धर ४ ओहमची. क्रॉसओव्हरच्या दोन्ही मोटरी एकाच बटणावर, म्हणजे मिळून २ ओहम. १६ व्होल्टवर प्रत्येकीला ४ अँपिअर मिळायला हवेत, तिथे तीनसुद्धा मिळत नाहीत. त्यात कॉइलची ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे चारच्या जागी तीन आले की ओढ जवळपास निम्मी. तीच लांबी १ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरने केलीस तर रोध ०.१४ वर येतो. निदान कॉमनची परतीची वायर तरी जाड घाल. तिच्यावर सगळ्या मोटरींचा भार पडतो.

दुसरं दुखणं बटणाचं. ही कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली असते. बटण चिकटलं, की चार अँपिअर तिच्यातून वाहतच राहतात आणि थोड्याच वेळात वार्निशचा वास येतो. म्हणून वीज थेट ट्रान्सफॉर्मरमधून देऊच नये. आधी कपॅसिटरमध्ये साठवावी आणि बटण दाबलं की तो कॉइलमध्ये रिकामा करावा. त्यासाठी ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर घे, अर्ध्या अँपिअरचा पुरे. मधली तार टेप लावून सोडून दे. दोन टोकांमध्ये १८ व्होल्ट मिळतात. ब्रिज रेक्टिफायरनंतर ते सुमारे २४ व्होल्ट डीसी होतात. मग १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर आणि पुढे ४७०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कपॅसिटर. दोन सेकंदांत तो भरतो. आता बटण चिकटलं तरी रेझिस्टरच्या आडकाठीमुळे कॉइलला पाव अँपिअरही मिळत नाही. ती जळणार नाही, फक्त पुढचा पॉइंट हलणार नाही आणि बटण अडकल्याचं तुला तिथेच कळेल. कपॅसिटरचं प्लस-मायनस दोनदा तपास. उलटा लागला तर फुटतो. आणि २३० व्होल्टची बाजू फ्यूजसकट बंद डब्यात. ती जोडताना घरात मोठं माणूस हवं, यात सूट नाही.

गाडीच्या कंट्रोलरमधून पॉइंटला वीज घेऊ नकोस. दोन्ही एकाच पुरवठ्यावर असले की पॉइंट टाकताना इंजिन मध्येच दचकतं.

हे सगळं मात्र नंतर. आधी सगळ्या वायरी सोडव आणि प्रत्येक पॉइंट बोटाने टाकून बघ. सरकणारी टंग रेल दोन्ही बाजूंना पक्क्या स्टॉक रेलला पूर्ण टेकते का? खडी चिकटवताना फेव्हिकॉलचा थेंब स्लीपरच्या फटीत गेला असेल, तर कितीही करंट दे, ती अर्ध्यावरच राहणार. आमच्या रेल्वे खात्यात मोटर दुरुस्त करायला निघालेल्या पोराला आधी टंग रेल जिच्यावर सरकते ती स्लाइड चेअर पुसायला लावायचे. निम्म्या तक्रारी तिथेच संपत.

खऱ्या लाइनीवर आणखी एक चाचणी असते. टंग रेलच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर, टंग आणि स्टॉक रेलच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरतात आणि मशीन चालवतात. पॉइंट लॉक झाला तर तो नापास. तुकडा मध्ये असताना मशीनने लॉक होताच कामा नये. मोटर फिरत राहते, क्लच घसरतो आणि केबिनमध्ये डिटेक्शन, म्हणजे टंग रेल पोचल्याची खबर, येत नाही. डिटेक्शन नाही तर सिग्नल नाही. तुझ्या मापात ५ मिलिमीटर म्हणजे ०.०६ च्या आसपास, साधारण वर्तमानपत्राच्या कागदाची जाडी. त्याची बारीक पट्टी मध्ये धरून बघ. तुझी मोटर लॉक करत नाही, तेव्हा ही चाचणी हुबेहूब होणार नाही. पण पट्टी सहज ओढून निघाली, तर टंग रेल नीट दाबून बसलेली नाही असं समज आणि मोटरची तार थोडी वाकवून घे.

डिटेक्शनवरून आठवलं. तुझ्या नकाशात पॅनलवरचा हिरवा दिवा बटणाला जोडलेला दिसतो. तो काढ. बटण दाबल्याची बातमी तुझ्या बोटाला आहेच, दिव्याने ती पुन्हा कशाला सांगायची? दिवा पॉइंटसोबत सरकणाऱ्या स्विचवरून घे, म्हणजे टंग रेल खरोखर पोचली तरच तो लागेल. क्रॉसिंगचं धातूचं नाकही त्याच स्विचमधून जोड. पॉइंट सरळ लागलेला असताना नाकाची पोलॅरिटी एक असते, वळणावर लागला की दुसरी. ती बदलली नाही तर पहिलं इंजिन तिथे पोचताच शॉर्ट.

पुढच्या कडेला, पाहुण्यांच्या नजरेसमोर जे पॉइंट आहेत त्यांना संथ मोटरी लावता आल्या तर लाव. खरं मशीन ११० व्होल्ट डीसीवर चालतं आणि पॉइंट फिरवायला तीन ते पाच सेकंद घेतं; कॉइलवाली मोटर बंदुकीसारखी फाडकन उडते. संथ मोटर १२ व्होल्टची असते. टोकाला पोचून अडली तरी १५-१६ मिलिअँपिअर घेत तशीच उभी राहते, आणि तिला बारीक तारही चालते. ती महाग पडते हे खरं. सर्व्हो स्वस्त आहे आणि तुला अर्डुइनो येतं, पण लाइट जाऊन आली की तो एकदा झटका देतो, नेमकी वर गाडी असली की डबा खाली. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं केंद्र उशाशी असून वडशाची लाइट जायची ती जातेच! तेव्हा सर्व्हो लावलास तर शेवटची जागा लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम लिही.

टेबलाला आलापल्लीच्या सागाच्या फळ्या लावल्यास हे छान केलंस, पण साग झाला तरी पावसाळ्यात थोडा हलतोच, आणि पत्र्याखालच्या त्या खोलीत मे महिन्यात रूळही वाढतात. रुळांच्या जोडात बारीक फट ठेव, आणि मोटरपासून पॉइंटपर्यंतची तार स्प्रिंगची घे. ताठ तार जुलैत बसलेली जानेवारीत बसत नाही.

पुण्याला मावशीकडे गेलास तर कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ये. १९९८ पासून आहे. बाकीचे गाड्या बघतील, तू पॉइंट बघ.

दिवाळीत मी गोंदिया गाडीने येतो आहे. टेबलाखाली शिरायला माझे गुडघे आता तयार नाहीत, तेव्हा सगळ्या वायरी टेबलाच्या बाहेरच्या कडेला कनेक्टरच्या पट्टीवर आण, प्रत्येकीला नंबर लाव आणि तोच नंबर नकाशावर टाक. येताना मल्टिमीटर मी आणतो. सोल्डरिंग आयर्न शेजाऱ्यांचं आणलेलं असेल तर परत कर. २५ वॉटचं नवीन घे, पैसे मी ताईकडे देईन.

तुझा
मामा