सागरी गस्त : किनाऱ्यावरील शाळांसाठी एक पाठ

‘पोलिस’ हा पाठ निघाला म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे दंडुका, शिट्टी आणि खाकी गणवेश एवढेच चित्र उभे राहते. मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांतील शाळांत त्या चित्रास गस्तीच्या वेगवान नौकेची जोड देणे अगत्याचे आहे. ज्यांचे वडील वा काका पहाटे दर्यावर जातात, त्या मुलांस रस्त्यावरील मोटारसायकलीपेक्षा ही नौका अधिक जवळची वाटेल. सिंधुदुर्ग किल्ल्यापासून पाठास प्रारंभ करण्याचा मोह शिक्षकांस होईल. तो आवरलेला बरा, कारण किल्ल्यात शिरलेला वर्ग तासभर बाहेर पडत नाही.

अशा नौकेची गरज का भासली, हे सांगताना दोन घटना वगळता येत नाहीत. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील शेखाडी येथे चोरून स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्च रोजी मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईनजीक आले व रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरले. त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी बंदूकधारी हल्लेखोरास गोळ्या झेलूनही धरून ठेवले. त्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या प्रसंगी शौर्याचे वर्णन अवश्य करावे. परंतु इतक्या शूर माणसाच्या हाती लाठीच का होती, असे एखाद्या मुलाने विचारल्यास तो प्रश्न दडपू नये. तो रास्त आहे.

केंद्र सरकारने किनारा सुरक्षा योजना २००५ साली मंजूर केली. तिच्यातून सागरी पोलिस ठाणी व गस्तीच्या नौका राज्यांस मिळू लागल्या. यांपैकी बऱ्याच नौका शेजारच्या गोव्यातील गोदीत बांधल्या गेल्या.

नौकेवरील साहित्यापैकी रडार समजावणे सोपे आहे. कड्यासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो. रडार तेच काम बिनतारी लहरींनी करते. मात्र लाकडी वा फायबरची लहान होडी या लहरी फारशा परतवीत नाही, आणि खवळलेल्या लाटांत ती हरवूनही जाते. म्हणून दुर्बीण व माणसाचा डोळा यांची सुट्टी अद्याप झालेली नाही. बिनतारी संचावरील सोळावी वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखलेली असते, हेही सांगावे. कित्येक मुलांच्या घरच्या ट्रॉलरवर तोच संच असेल.

गणिताच्या तासास येथे चांगले उदाहरण सापडते. देशाची सागरी हद्द १२ सागरी मैलांची. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. ताशी ३० सागरी मैल वेगाची नौका हे अंतर २४ मिनिटांत कापील, तर ताशी ८ मैल चालणाऱ्या होडीस दीड तास लागेल. संकटात सापडलेल्या खलाशाच्या दृष्टीने या दोन उत्तरांतील अंतर केवढे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

नौका मिळाली म्हणजे गस्त झाली, असे मात्र नव्हे. मालवणच्या बंदरापुढील खडक नवख्या सुकाणूधारकास दाद देत नाहीत, पावसाळ्यात दर्या कोणाचेच ऐकत नाही, आणि घाटावरून भरती झालेला शिपाई जन्मतः दर्यावर्दी नसतो. अशा शिक्षणासाठी गुजरातेत ओखा येथे २०१८ साली राष्ट्रीय अकादमी सुरू झाली. तथापि अनोळखी होडी प्रथम दिसते ती मच्छीमारासच. गावोगावची सागर रक्षक दले याच कारणाने उभारली गेली आहेत. दूरध्वनी क्रमांक ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावा.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या होडीवर जीवरक्षक जाकिटे किती व माणसे किती, हे विचारून यावे. दोन आकडे जुळले नाहीत तर वर्गात कोणाचे नाव घेऊ नये. शिक्षकांनी संध्याकाळी त्या घरी जाऊन बोलावे.