संगतीचे सामर्थ्य

मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर होडी ओढावयाची असली म्हणजे शेजारी हाकेसरशी धावतात. पण घरातील कोणाचे मन खचले, तर आपण लाजेने दार लावून घेतो. रत्नागिरीस मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तथापि प्रत्येक दुखणे तेथवर नेण्याजोगे नसते. मग घराजवळ आधार कोणी द्यावा?

ह्याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात सापडते. डॉ. विक्रम पटेल व सहकारी यांनी तेथे १९९६ साली ‘संगाथ’ ही सेवाभावी संस्था स्थापिली. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि दुखणाईत पुष्कळ, हे पाहून तिने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांस समुपदेशन शिकविले. अवघड रोगी मात्र तज्ज्ञांकडेच सोपविले.

पुढे १२ सरकारी व १२ खासगी दवाखाने निवडून, त्यांपैकी निम्म्यांत ही पद्धत योजिली. औदासीन्य व चिंता यांनी ग्रासलेल्यांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे शेकडा ६६ बरे झाले. नेहमीच्या उपचारांनी सुमारे शेकडा ४३. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संस्थेचे कार्यही मध्यप्रदेशापर्यंत विस्तारले.

तात्पर्य, धीराने ऐकून घेणे हीदेखील शिकून येणारी विद्या आहे. होडीस लागणारे हात खचलेल्या मनासही लागोत.