जुना गेम कन्सोल निवडताना

प्रस्तावना

वापरलेली वस्तू विकत घेताना आपल्याकडे कोणीतरी जाणकार सोबत असतो. सायकल घ्यायची तर मामा चाक फिरवून पाहतात. शिलाई मशीन घ्यायचे तर आत्या चिंधीवर एक टीप मारून पाहतात. व्हिडिओ गेम कन्सोलच्या बाबतीत मात्र घरातील मोठ्यांना अनुभव नसतो आणि ज्या मुलाला तो हवा असतो, त्याला धीर नसतो. मग सगळा व्यवहार विक्रेत्याच्या शब्दावर होतो आणि घरी आल्यावर यंत्र मुके बसते. ही फसगत टाळण्यासाठी नेमके काय पाहावे, याचा विचार या पाठात केला आहे.

मूलपाठ

दूरदर्शन संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी बनवलेला संगणक म्हणजे कन्सोल. जुन्या कन्सोलांचे अनेक प्रकार आजही बाजारात मिळतात. आपण त्यांपैकी एक उदाहरण घेऊन सविस्तर पाहू. ते म्हणजे सोनी कंपनीचा प्लेस्टेशन २.

हा कन्सोल मार्च २००० मध्ये प्रथम जपानमध्ये विक्रीस आला. जगभरात त्याची १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. भारतातही तो घरोघरी पोहोचला. हैदराबादच्या एका कंपनीने त्याच्यासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ तयार केला आणि तो २००९ मध्ये प्रकाशित झाला. २०१३ च्या आरंभी या कन्सोलचे उत्पादन थांबले. याचा अर्थ असा, की यातील सर्वांत तरुण यंत्रालाही एक तप उलटून गेले आहे आणि थोरल्या यंत्रांनी पंचविशी गाठली आहे. ‘अगदी नव्यासारखा आहे हो’ असे विक्रेता म्हणतो, तेव्हा तो बहुधा वरच्या कवचाबद्दल बोलत असतो. कवच पुसून चकचकीत करता येते, पण आतील भागांचे वय लपत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विक्रेता यंत्र संचाला जोडतो, कळ दाबतो, पडद्यावर निळसर प्रकाश उजळतो, कंपनीचे नाव उमटते आणि निवडसूची दिसते. ‘बघा, चालू आहे,’ असे म्हणून तो हात पुढे करतो. येथेच थांबावे. ती निवडसूची यंत्राच्या आतील कायमस्वरूपी स्मृतीत साठवलेली असते. ती दाखवण्यासाठी तबकडी लागत नाही, की तबकडी वाचणारे भिंगही लागत नाही. भिंग पूर्णपणे निकामी असलेला कन्सोलसुद्धा ही सूची तितक्याच दिमाखात दाखवतो. आणि प्लेस्टेशन २ मध्ये सर्वाधिक झिजतो तो भाग नेमका हाच. तबकडीवरील माहिती लेसर किरणाच्या साहाय्याने वाचली जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने लेसर क्षीण होतो, भिंगावर धूळ बसते आणि मग ‘तबकडी वाचता येत नाही’ अशी सूचना पडद्यावर येऊ लागते.

म्हणून चाचणी तबकडी घालूनच करावी, आणि तीही एक नव्हे, दोन तबकड्या घालून. या कन्सोलचे खेळ दोन प्रकारच्या तबकड्यांवर येत. लहान आकाराचे काही खेळ सीडीवर असत. त्या तबकडीची खालची बाजू निळी असते. मोठे खेळ डीव्हीडीवर असत आणि त्यांची खालची बाजू रुपेरी असते. दोन्ही प्रकार वाचण्यासाठी वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरला जातो. त्यामुळे एक प्रकार सुरळीत वाचणारा कन्सोल दुसऱ्यापाशी अडू शकतो. निळी तबकडी सर्वत्र मिळत नाही, पण एखाद्या मित्राकडून उसनी मिळाली तर अवश्य सोबत न्यावी.

चाचणी दोन मिनिटांची नसावी. निदान अर्धा तास खेळावे. यंत्र तापल्यावरच काही दोष उघड होतात, आणि खेळात नवा प्रसंग सुरू होताना भिंगाला तबकडीवर दूरवर सरकावे लागते. अडखळणारे भिंग तेथे पकडले जाते. खेळ संपल्यावर तबकडी बाहेर काढून तिची खालची बाजू उजेडात धरावी. मध्याभोवती नवी गोल चीर उमटली असेल, तर आतील एखादा भाग तबकडीला घासत आहे. २००४ पासून आलेल्या सडपातळ नमुन्यात आतील चपटी तार वर उचलली गेल्याने असे कधी कधी घडते. असा कन्सोल फुकट मिळाला तरी तो तुमचे खेळ खराब करीत राहील.

याउलट काही दोषांची भीती बाळगण्याचे कारण नाही. यंत्र बंद केल्यावर दिनांक आणि वेळ विसरत असेल, तर आतील नाण्याएवढा विद्युतघट संपला आहे. तो बदलण्यास फारसा खर्च येत नाही. घासाघीस करताना मात्र ही उणीव सांगण्यास हरकत नाही!

पाठगत प्रश्न

पडद्यावर निवडसूची दिसली, तरी कन्सोल सुस्थितीत आहे असे का मानता येत नाही? उत्तर दोन-तीन वाक्यांत लिहा.

परदेशातून आलेले यंत्र

अमेरिकेत राहणारे नातेवाईक आपला जुना कन्सोल प्रेमाने घेऊन येतात. असे यंत्र काही वेळा बाजारातही मिळते. त्याच्या बाबतीत एक धोका आहे, आणि तो क्षणात सारे संपवू शकतो. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, अमेरिकेत १२०, तर जपानमध्ये १००. अमेरिकेसाठी बनवलेल्या जुन्या, जाड प्लेस्टेशन २ च्या आतील वीजपुरवठ्याचा भाग तेथील दाबासाठीच बनवलेला असतो. तो आपल्या भिंतीतील खोबणीत थेट लावला, तर जळतो. यंत्राच्या किंवा अडॅप्टरच्या चिठ्ठीवर दाबाचा आकडा छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय कळ दाबू नये. तेथे केवळ १२० किंवा १०० लिहिले असेल, तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत व्यवहारात धरावी लागते.

दुसरी अडचण तबकड्यांची. कंपनीने जगाचे विभाग पाडले होते. एका विभागाचे खेळ दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालत नाहीत. भारतात विकले गेलेले खेळ युरोपातील पद्धतीचे, म्हणजे पाल प्रकारचे होते. अमेरिकन यंत्र घेतले, तर येथील दुकानात मिळणाऱ्या मूळ तबकड्या त्याला चालणार नाहीत. म्हणून आधी आपल्या गावात कोणत्या तबकड्या मिळतात ते पाहावे आणि मग यंत्र निवडावे. बहुतेक लोक हे उलट क्रमाने करतात.

स्वस्त कोणते?

प्लेस्टेशन २ मध्ये खेळाची प्रगती साठवण्याची सोय अंगभूत नाही. त्यासाठी ८ एमबीचे छोटे मेमरी कार्ड वेगळे लागते. ते नसेल, तर चार तास खेळून मिळवलेले सारे वीज बंद होताच नाहीसे होते. नेमके हेच कार्ड विक्रीच्या वेळी हरवलेले असते. कंट्रोलरचीही तीच गत. त्याच्या छोट्या दांड्या सैल झाल्या असतील, तर हात लावला नाही तरी पडद्यावरील पात्र आपोआप एका बाजूला चालू लागते. शिवाय या कन्सोलसोबत पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन टोकांची तार येते. नव्या दूरदर्शन संचांपैकी अनेकांना ती तीन भोके नसतात. मग एचडीएमआय रूपांतरक घ्यावा लागतो.

समजा, एक विक्रेता नुसते यंत्र २,५०० रुपयांना देतो आणि दुसरा सर्व साहित्यासह ३,८०० रुपयांना. पहिला स्वस्त वाटतो. पण कंट्रोलरचे ७००, मेमरी कार्डाचे ५०० आणि तारेसह रूपांतरकाचे ५०० रुपये त्यात मिळवले, की बेरीज ४,२०० रुपये होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या शहरातील भाव विचारून तुम्ही स्वतः ही बेरीज मांडा. ती घरून निघण्यापूर्वी मांडावी, कारण दुकानात उभे असताना मनाची बेरीज नेहमीच कमी येते.

दिल्लीचे पालिका बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा ठिकाणी फिरताना ‘चिप बसवलेला आहे, कोणतीही डिस्क चालते’ हे वाक्य कानी पडू शकते. अनेकांना तो गुण वाटतो. चिप बसवण्यासाठी यंत्र उघडून त्याच्या मुख्य पट्टीवर बारीक तारा जोडलेल्या असतात, आणि ते काम कोणत्या हातांनी केले हे आपल्याला कळत नाही. नकल केलेल्या तबकड्या मूळ तबकड्यांपेक्षा प्रकाश कमी परावर्तित करतात. थकलेल्या भिंगाला त्या वाचणे अधिक जड जाते. नकल केलेले खेळ विकत घेणे हा निर्मात्यांच्या हक्काचा भंग आहे, हे तर आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक योजना मोडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

यापुढच्या पिढीचे कन्सोल घेतानाही हीच दृष्टी ठेवावी. दोष तेवढे निराळे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० च्या आरंभीच्या यंत्रांत बिघाड इतके झाले, की २००७ मध्ये कंपनीला त्या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली. त्यामुळे २०१० नंतरचा सडपातळ नमुना घेणे बरे. त्या कन्सोलवरील खेळांचे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. आता नव्या ग्राहकाला तेथून खेळ विकत घेता येत नाही. साहजिकच तबकडीचा कप्पा नीट चालणे पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहे.

पैसे देण्यापूर्वी यंत्राखालचा नमुना क्रमांक आणि अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. दुकानदाराने चाचणीसाठी काही दिवसांची मुदत दिली असेल, तर तीही तोंडी न ठेवता पावतीवरच लिहून घ्यावी. घरगुती विक्रेत्याकडून पावती बहुधा मिळत नाही. तेथे अर्ध्या तासाची ती चाचणी हीच काय ती हमी.

स्वाध्याय

१. निळ्या आणि रुपेरी तबकडीने वेगवेगळी चाचणी का करावी, ते स्पष्ट करा.
२. ‘हात पुढे करणे’ हा वाक्प्रयोग पाठात कोणत्या अर्थाने आला आहे? तो दुसऱ्या अर्थाने वापरून एक वाक्य लिहा.
३. वापरलेला कन्सोल विकणाऱ्या दुकानदाराला भेटण्यापूर्वी विचारायच्या पाच प्रश्नांचे एक पत्र लिहा.